विश्लेषण : चोरबाजारातल्या प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा घडला? बाबूराव पेंटर आणि उलट्या प्रतिमेची गोष्ट

शिरोळ : मोबाइलचा कॅमेरा उघडला की समोरचं दृश्य स्क्रीनवर सरळ दिसतं. आतल्या इवल्याशा सेन्सरवर मात्र ते उलटं पडलेलं असतं. डोकं खाली, पाय वर. मोबाइलची यंत्रणा ते सरळ करून दाखवते, म्हणून आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही उलटी प्रतिमा पकडून फिल्मवर उतरवणारं यंत्र शंभरेक वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात, कोल्हापुरात, नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका कलावंताने स्वतः तयार केलं. इंजिनिअरिंगचं औपचारिक शिक्षण नव्हतं. हाताशी होता मुंबईच्या चोरबाजारातून आणलेला एक जुना प्रोजेक्टर. त्या कलावंताचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच बाबूराव पेंटर. मराठी सिनेमाच्या इतिहासात हा प्रसंग एका ओळीत उरकला जातो. पण प्रोजेक्टरवरून कॅमेरा होऊ शकतो, हे मुळात का शक्य आहे? आणि त्यातलं खरं अवघड काम कोणतं होतं?

पत्र्याच्या भोकातला सूर्य

कॅमेऱ्याची सुरुवात भिंगापासून होत नाही, ती भोकापासून होते. शिरोळ तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळघरात किंवा पत्र्याच्या गोठ्यात भर दुपारी जा. छताला खिळ्याचं बारीक भोक असेल तर जमिनीवर उजेडाचा गोल ठिपका पडलेला दिसेल. भोक वेडंवाकडं असलं तरी ठिपका गोलच. कारण तो भोकाचा आकार नाही, ती सूर्याची प्रतिमा आहे. छत ११ फुटांवर असेल आणि सूर्य माथ्यावर असेल, तर हा ठिपका साधारण सव्वा इंचाचा भरतो. सूर्यग्रहण लागलं की असे ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी झाडाखाली कोरी पडलेल्या ज्यांनी पाहिल्या, त्यांनी सूर्याची उलटी प्रतिमाच पाहिली.

उलटी का? प्रकाश सरळ रेषेत जातो, एवढंच त्याचं कारण. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण भोकातून खाली उतरतो आणि खालच्या कडेचा वर जातो. दोघांची वाट भोकातच एकमेकांना छेदते.

आता खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातला स्वर्गमंडप आठवा. त्याच्या छतालाही गोल मोकळी जागा आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र जवळपास माथ्यावर येतो आणि खालच्या गोल शिळेवर चांदणं पडतं. ते वर्तुळ मात्र चंद्राची प्रतिमा नसतं, ते छतातल्या त्या मोठ्या झरोक्याचं असतं. झरोका मोठा असला की असंख्य प्रतिमा एकमेकींवर पडतात आणि उरतो फक्त उजेड.

म्हणजे पंचाईत अशी, की भोक लहान ठेवलं तर प्रतिमा स्पष्ट पण अंधूक. भोक मोठं केलं तर उजेड भरपूर, पण प्रतिमा गायब.

भिंग नेमकं काय करतं?

ही पंचाईत भिंग सोडवतं. बहिर्वक्र भिंग म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ असलेली काच. भोकापेक्षा कितीतरी मोठ्या जागेतून ते प्रकाश आत घेतं, पण समोरच्या एका बिंदूतून निघालेले सगळे किरण वाकवून पलीकडे पुन्हा एकाच बिंदूवर आणून सोडतं. असे लाखो बिंदू जागच्या जागी पडले की झाली प्रतिमा. वाचायचं साधं भिंग खिडकीसमोर धरा, मागे पांढरा कागद पुढे-मागे सरकवा. एका ठरावीक अंतरावर कागदावर अख्खी खिडकी रंगांसकट उलटी उतरते. कागदावर पकडता येते ती वास्तव प्रतिमा.

सपाट आरशाचं तसं नाही. नृसिंहवाडीच्या घाटावर कृष्णेचं पाणी निवांत असताना काठावरची झाडं पाण्यात दिसतात. पण त्या झाडांच्या जागी कागद बुडवून धरला तर त्यावर काही उमटणार नाही. किरण तिथून निघालेलेच नसतात, पाण्यावरून परतताना ते तिथून आल्यासारखे आपल्या डोळ्यांना वाटतात. ही आभासी प्रतिमा. फिल्मवर उतरवायची तर प्रतिमा वास्तवच लागते, आणि ती नेमकी ज्या अंतरावर पडते तिथेच फिल्म असावी लागते.

हे अंतर किती काटेकोर? ५० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग घेऊ. खूप दूरच्या डोंगराची प्रतिमा भिंगामागे ५० मिलिमीटरवर पडेल. ५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची पडेल साधारण ५०.५ मिलिमीटरवर. म्हणजे डोंगर आणि माणूस यांच्यातला फरक भिंगामागे अवघा अर्धा मिलिमीटर. कॅमेरा बनवायला बसलेल्या माणसाचा सगळा झगडा या अर्ध्या मिलिमीटरशी असतो.

मेस्त्रींच्या घरातली हत्यारं

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. वडील कृष्णराव हे सुतारकाम, लोहारकाम आणि चित्र-शिल्प अशा अनेक कामांत हात असलेले कारागीर. मुलगा चित्रकला आणि शिल्पकला घरीच शिकला. नात्यातले बंधू आनंदराव हेही चित्रकार. दोघांच्या नावापुढे ‘पेंटर’ लागलं ते धंद्यामुळे, आणि मग तेच आडनाव होऊन बसलं.

तो संगीत नाटकांचा बहराचा काळ. नाटक मंडळ्यांना राजवाडे, रस्ते, अरण्यं यांचे रंगवलेले पडदे लागत. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातल्या नामांकित पडदे रंगवणाऱ्यांत या दोघांची गणना होत होती. सपाट कापडावर खोली दाखवायची, लांबचा खांब लहान आणि जवळचा मोठा काढायचा, हे त्यांच्या हाताच्या सवयीचं होतं. भिंगही वेगळं काही करत नाही, तेही त्रिमित जग सपाट पृष्ठावर उतरवतं. फक्त ते क्षणात उतरवतं आणि त्यासाठी मजुरी घेत नाही.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या बंधूंना सिनेमाचं वेड लागलं. फाळक्यांनी लंडनहून कॅमेरा आणला होता. कोल्हापूरच्या दोन पडदे रंगवणाऱ्यांना ते परवडणारं नव्हतं. त्यांनी चोरबाजारातून प्रोजेक्टर घेतला, सिनेमाचे खेळ लावायला सुरुवात केली आणि जोडीला स्वतःचा कॅमेरा जुळवायच्या मागे लागले.

प्रोजेक्टर उलटा चालवला तर?

प्रकाशाची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. भिंगातून जो किरण ज्या रस्त्याने आला, त्याच रस्त्याने तो परतही जाऊ शकतो. कॅमेऱ्यात बाहेरच्या दृश्याचा प्रकाश भिंगातून फिल्मवर येतो. प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रकाश फिल्ममधून भिंगात आणि तिथून पडद्यावर जातो. भिंग तेच, फिल्मची जागा जवळजवळ तीच, फक्त वाहतुकीची दिशा उलटी.

हिशोब करून पाहा. तेच ५० मिलिमीटरचं भिंग, पडदा १० मीटरवर. फिल्म भिंगापासून साधारण ५०.२५ मिलिमीटरवर ठेवली की पडद्यावर स्पष्ट चित्र पडतं, आणि ते जवळपास २०० पट मोठं होतं. मूकपटाच्या काळातली फिल्मवरची एक चौकट साधारण २४ मिलिमीटर रुंद. पडद्यावर ती पावणेपाच मीटरहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे १६ फूट होते. भिंग प्रतिमा उलटी करतं म्हणून प्रोजेक्टरमध्ये फिल्म उलटीच लावायची. दोनदा उलटं झालं की सरळ.

तेव्हा ज्याच्या हाती प्रोजेक्टर आहे, त्याच्या हाती कॅमेऱ्याचा अर्धा आराखडा आलेला असतो. फिल्म कुठे बसते, ती पुढे कशी सरकते, भिंग मागे-पुढे कसं करतात, हे सगळं उघडून पाहता येतं. चोरबाजारातल्या त्या खरेदीची खरी किंमत ही होती.

अडचण भिंगाची नव्हती

मग इतकी वर्षं का लागली? कारण उरलेला अर्धा आराखडा सुतार-लोहाराच्या कामातला होता, आणि तोही घड्याळजीच्या काटेकोरपणाने करायचा होता.

कॅमेऱ्यात फिल्म सलग धावून चालत नाही. ती थांबली पाहिजे, तेवढ्या वेळात शटर उघडलं पाहिजे, प्रकाश पडला पाहिजे, शटर मिटलं पाहिजे, आणि अंधारात फिल्म बरोबर एक चौकट पुढे ओढली गेली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हाताने दांडा फिरवून. प्रत्येक चौकटीला उजेड मिळायचा तो सेकंदाच्या जेमतेम बत्तिसाव्या भागापुरता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला भोकं असतात, एका चौकटीला चार. त्या भोकांत अडकणारे दात प्रत्येक वेळी सुमारे १९ मिलिमीटर फिल्म ओढतात.

यात चूक किती चालते? २०० पट मोठं होणारं चित्र लक्षात घ्या. फिल्म एका चौकटीला अर्ध्या दशांश मिलिमीटरने, म्हणजे एखाद्या बारीक केसाच्या जाडीएवढी सरकली, तरी पडद्यावर चित्र एक सेंटिमीटर हलतं. सेकंदाला १६ वेळा असं झालं तर भीमाच्या हातातली गदा थरथरताना दिसेल. त्यात पेटी पूर्ण अंधारी हवी. प्रोजेक्टरला कुठे फट राहिली तर फार तर खोलीत थोडा उजेड सांडतो. कॅमेऱ्याला फट राहिली तर दिवसभराचं काम पांढरं होऊन जातं, आणि तेही फिल्म धुतल्यावर कळतं.

कॅमेरा पुरा व्हायच्या आतच १९१६ मध्ये आनंदराव गेले. सिनेमाचं वेड दोघांचं होतं, आता यंत्र एकट्याच्या गळ्यात पडलं. बाबूरावांनी ते सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी १९१८ मध्ये चालणारा कॅमेरा उभा केला.

तानीबाईंचे पैसे

कॅमेरा झाला, पण फिल्म, रसायनं, कपडे आणि नटांचे पगार कोण देणार? पुढे आल्या कोल्हापूरच्या प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर. त्यांच्या पैशांतून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या भांडवलदारांची यादी करताना या बाईंचं नाव क्वचितच येतं. ते यायला हवं.

सिनेमात काम करणं तेव्हा इतकं कमीपणाचं मानलं जाई, की स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. बाबूरावांनी ‘सैरंध्री’साठी गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांना पुढे आणलं. पडद्यासाठी त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली.

‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं वाटणारं होतं, की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. भिंगापुढे रक्त आहे की रंग, याच्याशी भिंगाला देणंघेणं नसतं. समोरून जेवढा प्रकाश येतो तेवढाच ते पुढे पाठवतं. चित्र आणि शिल्प दोन्ही येणाऱ्या माणसाला हे इतरांपेक्षा जरा जास्तच कळलेलं असणार.

स्वतःचेच पडदे का सोडले?

ज्या माणसाचं नाव रंगवलेल्या पडद्यांवर झालं, त्यानेच सिनेमातून रंगवलेले पडदे काढून टाकले. इथे प्रकाशशास्त्र आणि बाबूरावांचं आयुष्य सगळ्यांत जवळ येतात.

पडद्यावरचा रंगवलेला राजवाडा एकाच जागेवरून खरा वाटतो. चित्रकाराने ज्या बिंदूवरून रेषा खेचल्या, तिथून. नाटकात प्रेक्षक लांब आणि एका जागी बसलेला असतो, त्यामुळे निभावून जातं. कॅमेऱ्याचं तसं नाही. तो जवळ जातो, बाजूला सरकतो. खरा खांब असेल तर कॅमेरा हलला की खांबाआडची भिंत थोडी जास्त दिसते. रंगवलेल्या खांबाआड काहीच नसतं. शिवाय पडदा सपाट असल्याने त्याच्यावरचं ‘जवळचं’ आणि ‘दूरचं’ भिंगापासून सारख्याच अंतरावर असतं, आणि खांबाची रंगवलेली सावली खऱ्या उन्हाची दिशा पाळत नाही. डोळा या गोष्टी शब्दांत सांगत नाही, पण फसतही नाही.

बाबूरावांनी राहत्या घरासारखे, भिंती-खांब असलेले त्रिमित सेट उभारले. चित्रीकरणाआधी पात्रांचे कपडे आणि हालचाली ते रेखाटून ठेवत. सिनेमाची पोस्टरही स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर हे भारतातल्या सर्वांत जुन्या उपलब्ध सचित्र पोस्टरांपैकी एक मानलं जातं. म्हणजे रंगाचा हात सुटला नव्हता. फक्त भिंगासमोर काय चालतं आणि भिंतीवर काय चालतं, हे त्यांनी वेगळं केलं.

रंगांचंही तसंच. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल शालू पडद्यावर काळा होऊन यायचा, आणि आकाश मात्र पांढरं पडायचं. म्हणून भिंगासमोर रंगीत काच, म्हणजे फिल्टर, लावून एखादा रंग थोपवायचा आणि करड्या छटा सांभाळायच्या. बाबूरावांनी असे फिल्टर वापरले. कोणता रंग फिल्मवर कसा उतरेल, याचा अंदाज पॅलेटवर हात बसलेल्या माणसाला लवकर येतो.

आणि आरसा?

सिनेमाच्या धंद्यात आरशाचं काम प्रतिमा बनवण्याचं कमी आणि उजेड वळवण्याचं जास्त. स्टीलचा चमचा घ्या. आतल्या बाजूने पाहिलं तर चेहरा उलटा, पाठीमागून पाहिलं तर सरळ पण लहान. आतली बाजू म्हणजे अंतर्वक्र आरसा. त्याच्या नाभीवर दिवा ठेवला की किरण समांतर होऊन बाहेर पडतात. मोटरसायकलचा हेडलाइट असाच चालतो, आणि प्रोजेक्टरच्या दिव्यामागेही असा आरसा बसवतात. उघड्या स्टुडिओत मात्र गुळगुळीत आरसा गैरसोयीचा, कारण तो नटाच्या डोळ्यांत सूर्यच फेकतो. तिथे चुरगळलेला चंदेरी कागद लावलेले फळे लागतात. पृष्ठ खडबडीत असल्यामुळे किरण अनेक दिशांना विखुरतात आणि चेहऱ्यावरची काळी सावली मऊ होते.

सूर्य मावळला की हे सगळं बंद. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये तानाजीची स्वारी रात्रीची. बाबूरावांनी त्यासाठी कृत्रिम दिवे वापरले. भारतीय सिनेमात हा वापर पहिल्यांदा करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. चौकटीमागे सेकंदाचा बत्तिसावा भाग आणि तेव्हाच्या फिल्मची मंद संवेदना, हे धरलं तर त्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या मावळ्यांना घाम किती फुटला असेल याची कल्पना करता येते.

‘सावकारी पाश’

१९२५ मध्ये बाबूरावांनी देवादिकांकडून आणि गडकोटांकडून कॅमेरा एका शेतकऱ्याकडे वळवला. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरचा ‘सावकारी पाश’ ही कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची गोष्ट. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. झोपडी, अंधूक उजेड आणि रडणारं कुत्रं हे दृश्य पाहणाऱ्यांच्या अनेक वर्षं लक्षात राहिलं. कॅमेऱ्यात पुरेसा उजेड यावा म्हणून इतकी वर्षं धडपडलेल्या माणसाने इथे उजेड मुद्दाम कमी ठेवला.

सिनेमा मात्र फारसा चालला नाही. प्रेक्षकांना पौराणिक आणि ऐतिहासिक हवं होतं. कंपनी पुन्हा तिकडे वळली.

पुढे काय झालं?

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पहिले चौघे बाबूरावांच्या कंपनीतून तयार होऊन बाहेर पडलेले. त्यांत कॅमेरा जुळवताना शेजारी बसलेले दामलेही होते. दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ पुढे १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१ च्या सुमारास बंद पडली. त्याच वर्षी भारतात बोलपट आला. आवाजामुळे इतक्या वर्षांत घडलेली दृश्याची भाषा मोडीत निघेल, असं बाबूरावांना वाटत होतं. तरीही त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे काही बोलपट केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ही आवाजासह पुन्हा बनवला. न चाललेला सिनेमा अकरा वर्षांनी पुन्हा करायला घेणं, यातून ती गोष्ट त्यांना किती जवळची होती ते दिसतं. उरलेला वेळ त्यांनी चित्रांना आणि शिल्पांना दिला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

१९२५ च्या मूळ ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते, आणि नीट सांभाळली नाही तर वर्षांगणिक पिवळी, चिकट होऊन शेवटी तिची पूड होते. भारतातल्या बहुतेक मूकपटांचं हेच झालं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला बाबूरावांच्या कंपनीची आठवण म्हणून कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. शिरोळहून कोल्हापूरला गेलात तर तिथे थांबून त्याचा फोटो काढता येईल. सेन्सरवर तोही उलटाच पडेल.